बाबांना दिसत नाही, तरी त्यांना डिसेंबरात झाडांमध्ये न्यायचं आहे. नागपुरात कुठे नेऊ?

अजनीची

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. महालातल्या एका शाळेत त्यांनी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. दर डिसेंबरात सातवीच्या मुलांना घेऊन ते महाराजबागेत जायचे, आणि रविवार असला की मीही मागे लागून जायची. प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे ते मुलांना शेवटी न्यायचे. आधी झाडं. पान हातात द्यायचे आणि विचारायचे, "शिरा मोज. समोरासमोर आहेत की एकाआड एक?" त्यांचं अर्धं वनस्पतिशास्त्र असं बोटांवरच होतं.

काचबिंदूने त्यांचा डावा डोळा पूर्ण गेला आहे. उजव्याने फक्त उजेड आणि सावली कळते. गेली दोन वर्षं ते अंगणाच्या बाहेर फारसे पडत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मी पुण्याहून आले तेव्हा त्यांना एका बागेत नेलं होतं. कुठली ते लिहीत नाही. बाकावर बसवलं आणि मी सांगत सुटले, बाबा, समोर शेवंती आहे, पिवळी आहे, पलीकडे लाल झेंडू आहे. ते "हो का" म्हणायचे आणि गप्प व्हायचे. मग स्वतःच उठले, हात पुढे करून एका झाडापर्यंत गेले आणि खोडावर हात ठेवला. तेवढ्यात पहारेकरी ओरडत आला, "आजोबा, झाडाला हात लावायचा नाही!" बाबांनी हात काढून घेतला. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मला अजून तो हात आठवतो.

यंदा २४ डिसेंबरला आठ दिवसांसाठी येते आहे. आईपण सोबत असेल, तिचे गुडघे दुखतात, म्हणजे फार चढ नको. महाराजबाग बरी, सेमिनरी हिल्स बरं की फुटाळ्याकडची सातपुडा वनस्पती बाग? आणि मुख्य म्हणजे, डिसेंबरात ज्याला दिसत नाही त्या माणसासाठी बागेत काय असतं? मला खरंच माहीत नाही.

तर्रीपोहे

ताई, आईच्या गुडघ्यांचा विचार केला तर महाराजबाग. सपाट आहे आणि सीताबर्डी मेट्रो स्टेशनवरून रिक्षाने पाच-दहा मिनिटं लागतात. मेट्रो स्टेशनवर पायाला कळणाऱ्या उंचवट्याच्या फरश्या असतात, बाबांना त्यांचा उपयोग होईल. सेमिनरी हिल्सला झाडी दाट आहे, पण चढउतार आहे. तिथे गाडी जेवढी आत जाऊ शकते तेवढी न्या आणि थोडंच चाला.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. रविवार, २५ तारीख आणि ३१ तारीख टाळा, गर्दीत बाबांना आवाज वेगळे काढता येणार नाहीत. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तोवर संपलं नसेल तर सिव्हिल लाईन्सकडचे रस्ते कुठे कुठे बंद असतात, सकाळीच चौकशी करून निघा. आणि थंडी हलक्यात घेऊ नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता, म्हणजे तुम्ही येता आहात तेच दिवस.

पहारेकऱ्याचं वाचून वाईट वाटलं. या वेळी आधी तिथल्या ऑफिसात जाऊन सांगा, बाबा शिक्षक आहेत, दिसत नाही, झाडं हाताने पाहणार आहेत, काही तोडणार नाहीत. कागदावर लिहून नेलं तर अजून बरं.

पांढरी काठी

मी जन्मापासून पाहू शकत नाही. नागपुरातच वाढलो, हा धागा मोबाईलकडून वाचून घेतला. झाडांचं सांगणारे इथे बरेच येतील, मी चालण्याचं सांगतो.

बाबांचा हात धरून ओढू नका. तुमचा कोपर त्यांना धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. तुमचं अंग वर गेलं की पायरी आली हे त्यांना न सांगता कळतं. "इकडे या", "तिथे बघा" याचा आम्हाला काही उपयोग होत नाही. "डावीकडे दोन पावलं, छातीच्या उंचीवर फांदी आहे" असं सांगा. झाडापाशी आलात की त्यांचा हात उचलून खोडावर ठेवू नका. तुमचा हात खोडावर ठेवा, त्यांना तुमच्या हातावरून बोटं खाली सरकवू द्या. पहिला स्पर्श कधी करायचा ते त्यांनी ठरवायचं.

हिवाळ्याची एक गोष्ट डोळस लोकांच्या लक्षात येत नाही. बोटं गार पडली की त्यांना कळेनासं होतं. ब्रेल वाचतानासुद्धा जानेवारीच्या सकाळी माझे ठिपके एकमेकांत मिसळतात. सकाळी सातला नेऊन हातमोजे काढायला लावाल तर बाबांना सगळीच खोडं सारखी लागतील. दहानंतर जा. थर्मासमध्ये चहा न्या आणि पिण्याआधी कप दोन्ही हातांत धरू द्या. दर तीन-चार झाडांनंतर.

आणि रंग सांगायला घाबरू नका. तुमच्या बाबांनी सत्तर वर्षं रंग पाहिले आहेत, "जुन्या पितळेसारखा पिवळा" म्हटलं की त्यांना दिसेल. मला नाही दिसणार, त्यांना दिसेल. फक्त नुसतं "खूप सुंदर" म्हणू नका.

जंबेरीचा खुंट

ताई, मी ३४ वर्षं रोपवाटिकेत काम केलं. संत्र्याच्या कलमांत हयात गेली. डोळ्यांपेक्षा बोटांचं काम जास्त, म्हणून तुमचा प्रश्न मला आपल्या घरचा वाटला. नातवाला बाजूला बसवून लिहवून घेतो आहे, लांब झालं तर माफ करा जी.

डिसेंबरात काय असतं म्हणता? बाबांसाठी याच्यापेक्षा चांगला महिना नाही. फुलांचा महिना डोळेवाल्यांचा. आपल्याकडचं रान पानगळीचं आहे, पाऊस गेला की झाड पाणी राखायला पानं टाकतं. मग काय उरतं? साल उरते, शेंगा उरतात, खाली वाळलेला पाचोळा उरतो. हे तिन्ही हाताचं आणि कानाचं काम आहे. पावसाळ्यात हेच खोड ओलं, बुळबुळीत, शेवाळलेलं असतं, तेव्हा ऐन काय नि अर्जुन काय.

आधी साल सांगतो. अर्जुन आणि ऐन एकाच कुळातले, सख्खे चुलतभाऊ म्हणा, पण हात लावला की जमीन-अस्मान. अर्जुन गुळगुळीत, थंडगार, मधेच पापुद्रा सुटलेला. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन फाटलेली, भेगेत बोटाचं टोक जातं. दोन्ही एकापाठोपाठ दाखवा, तेव्हाच मजा. काटेसावर सापडली तर जवान झाड शोधा, त्याच्या खोडावर शंकूसारखे काटे असतात, बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार. वरून खाली हात ओढायचा नाही, एकेक काटा दोन बोटांत धरून पाहायचा. उंबर तर विसरूच नका, त्याची फळं थेट खोडाला लागतात. खोडावरून हात फिरवताना अचानक घोसच्या घोस हाताला येतो, बाबा सातवीच्या पोट्ट्यांना हे नक्की सांगत असतील.

पानांत साग. मोठं पान घ्या आणि वरून घासा, पॉलिश पेपर. आमच्या आया त्यावर जेवायला वाढायच्या. कोवळं पान चुरगळलं तर बोटं लाल होतात, पण डिसेंबरात कोवळं मिळणं कठीण. त्याचं फळ मात्र खाली पडलेलं मिळेल, वरून कागदाचा फुगा आणि आत केसाळ, टणक बी. बाबांच्या तळहातावर ठेवा आणि हळूच मूठ मिटायला सांगा. फुगा चुरतो तो आवाज ऐकू येतो.

आता कानाचं. शिरीषाच्या झाडाखाली उभे राहा आणि वाऱ्याची वाट पाहा. पानं गळलेली, चपट्या वाळक्या शेंगा तशाच लटकलेल्या, आत बिया सुट्या. वारा आला की सगळं झाड खुळखुळतं. आमच्या नर्सरीच्या फाटकावर एक होता, दुपारी वारा पडला की गप्प, चारला परत सुरू. मी त्यावरून वेळ ओळखायचो. बहाव्याच्या लांब काळ्या शेंगाही याच दिवसांत असतात, हातभर लांब, गोल. आत चकत्या चकत्यांचे कप्पे, एकेका कप्प्यात एकेक बी. मुरुडशेंग मिळाली तर जरूर आणा, दोरी पिळल्यासारखी असते. बोटाने पीळ मोजत जायचं.

वासाचं थोडं उलट आहे. पानांचा वास थंडीत दबून असतो, ऊन चढलं की सुटतो. कडीपत्ता, लिंबू, निलगिरी, सगळं दहा-साडेदहानंतर चुरगळून पाहा. पण आकाशनिंबाला, म्हणजे बुचाला, हा नियम नाही. त्याचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. लांब दांडीचं पांढरं फूल, ऑक्टोबर ते डिसेंबर बहर. सकाळी झाडाखाली सडा असतो आणि थंड हवेत तो गोड वास जमिनीलगत बसलेला असतो. ते मात्र लवकर दाखवा, गाडीतून उतरून पाच मिनिटं, मग परत शाल घेऊन बसा. फुलाची पोकळ दांडी ओठात धरून लहानपणी आम्ही पिपाणी वाजवायचो.

आता कशाला हात लावायचा नाही ते. हे नीट वाचा. खाजकुयलीच्या शेंगा याच महिन्यांत वाळतात, वरून मखमल वाटते. दिसत नसलेला माणूस मखमल समजून हात लावेल आणि तासभर खाजवत बसेल. रानाच्या कडेला वेल असतो, आधी तुम्ही बघा. बिब्याचा चीक अंगावर फोड आणतो. शेराचा, निवडुंगाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर आग होते, आणि बाबांचे डोळे आधीच दुखणाईत. कण्हेर विषारी. गुंजेचे लाल मणी पोरं खेळतात, तेही विषारी. त्यामुळे दर दोन झाडांनंतर हात ओल्या फडक्याने पुसायचे आणि तोवर डोळ्याला हात नाही.

शेवटचं सांगतो, ते माझ्या जिवाचं आहे. जमलं तर बाबांना एक संत्र्याचं झाड दाखवा. बाग पाहिजेच असं नाही, कोणाच्या अंगणातलं चालेल. कलमाचं पाहिजे. आपलं संत्रं जंबेरीच्या, म्हणजे लिंबाच्या एका जातीच्या, खुंटावर डोळा (कोंब असलेला सालीचा तुकडा) भरून करतात. मुळं जंबेरीची, वरचं झाड संत्र्याचं. जमिनीपासून वीतभर उंचीवर सांधा असतो. डोळा त्याच्या खाली भरला तर ओल्या मातीतून रोग चढतो, खोडातून डिंक गळायला लागतो. म्हणून आम्ही उंची पंज्याने मोजायचो, पट्टीने नाही. झाड म्हातारं झालं तरी तो सांधा बोटाला लागतो. खुंटाची साल एक सांगते, वरची दुसरी. आणि अंबियाची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या बहाराची, संत्री डिसेंबरात झाडावर असतातच.

चार बागा करू नका. एक बाग, आठ-दहा झाडं, बस.

तर्रीपोहे

काका, हे वाचून मी आज ऑफिसला जाताना थांबून एका शिरीषाखाली उभा राहिलो. रोज तिथून जातो, आवाज आजच ऐकला.

अजनीच्या ताई, डब्यात सांबारवडी न्या. गरम असतानाच खायला द्या, कोथिंबिरीचा तो वास बाबांना कुठल्याही बागेत ओळखता येईल. बाहेरगावच्या वाचकांसाठी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

अजनीची

सगळ्यांना नमस्कार. आम्ही २७ तारखेला जाऊन आलो. लिहायला चार दिवस लागले, कारण बाबा रोज नवीन काहीतरी आठवून सांगत होते.

काकांचं ऐकून आधी सिव्हिल लाईन्समधल्या एका आकाशनिंबाखाली थांबलो, सकाळी साडेसातला. आईने शाल गुंडाळली होती आणि ती गाडीतच बसली. मी बाबांना काही सांगितलं नाही. दार उघडलं, माझा कोपर त्यांच्या हातात दिला. तीन पावलं गेलो असू, ते थांबले. "बुचाची फुलं," म्हणाले, आणि लगेच, "तुमच्या आईला बोलवा." आई आली. दोघं तिथे किती वेळ उभे होते, मी घड्याळ पाहिलं नाही. बाबांनी वाकून चाचपत पाच-सहा फुलं गोळा केली आणि आईच्या ओंजळीत टाकली. माझ्या आठवणीत बाबांनी आईला फुलं दिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मग घरी येऊन पोहे खाल्ले आणि साडेदहाला महाराजबागेत गेलो. ऑफिसात अर्ज दिला. ती बाग भोसल्यांच्या काळातली, आणि आता डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाकडे आहे, हे बाबांनीच तिथल्या माणसाला सांगितलं. महाविद्यालय १९०६ चं आहे हेही सांगितलं. तो माणूस हसला नाही, उठून उभा राहिला आणि "या सर" म्हणाला. या वेळी कोणी ओरडलं नाही.

पांढरी काठी, कोपर धरून चालण्याचं तुम्ही जे लिहिलंत त्याने खूप फरक पडला. मागच्या वर्षी मी त्यांचं मनगट धरलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता ते चालत होते आणि मी फक्त पुढे होते. चहाचा कप हातांत धरून बसायचे तेव्हा विचारायचे, "पुढचं कुठलं? नाव सांगू नको हं."

अकरा झाडं झाली. त्यातली आठ ओळखली. अर्जुनाला हात लावताच ओळखलं. एका जुन्या झाडापाशी मात्र बराच वेळ थांबले, साल उकरून पाहिली, नखाने वाजवली, गाल टेकवला. मग म्हणाले, "याचं नाव मला येत होतं." मी सांगू का विचारलं, तर नको म्हणाले. रात्री जेवताना एकदम घास खाली ठेवून म्हणाले, "हळदू!" आई आणि मी दोघी दचकलो.

शिरीषाचं काकांना मुद्दाम सांगते. वारा नव्हता. आम्ही वाट पाहत बसलो. आईने सांबारवडी काढली, ती खाऊन झाली, तरी वारा नाही. बाबा म्हणाले, जाऊ द्या. आणि उठताना आला. आधी एका बाजूने, मग सगळ्या झाडातून. बाबांनी मान वर केली. उजव्या डोळ्याने त्यांना आभाळाचा उजेड आणि फांद्यांची सावली कळत असेल, मला माहीत नाही. ते म्हणाले, "परीक्षा सुटल्यावर पोरं डबे वाजवत जातात ना, तसं."

परतताना प्रतापनगरला आत्याकडे थांबलो. तिच्या अंगणात एकच संत्र्याचं झाड आहे. मी फक्त म्हटलं, खोड खालपासून वर बघा. बाबा मांडी घालून जमिनीवर बसले, पांढऱ्या लेंग्यानिशी, आत्या चटई आणते म्हणत होती. दोन्ही हात वर सरकवत गेले. वीतभर वर आले आणि थांबले. अंगठा परत खाली, परत वर. "इथे जोडलंय," म्हणाले. मग मी तुमचं सगळं उत्तर त्यांना वाचून दाखवलं, काका. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. डिंकाच्या रोगाचं वाचलं तेव्हा त्यांनी सांध्याच्या खालीवर चाचपून पाहिलं आणि आत्याला सांगितलं, झाड कोरडं आहे, काळजी करू नको, फक्त आळं खोडाला चिकटून करू नको.

एक प्रश्न बाबांनी तुम्हाला विचारायला सांगितला आहे. बागेत एका झाडाखाली त्यांना लाकडाचे तुकडे सापडले, होडीसारखे, जाड, आतून गुळगुळीत. त्यासोबत एक बोटापेक्षा जाड दांडा होता, त्याला पाच कोन आहेत आणि प्रत्येक बाजूला ओळीने खुणा आहेत. खिशातून घरी आणलेत. उशाशी ठेवलेत. मी मोबाईलवर शोधून देऊ शकते, पण ते म्हणतात काकांना विचार.

जंबेरीचा खुंट

नातवाला ओरडलो, आधी का नाही वाचून दाखवलं म्हणून.

बाबांना माझा नमस्कार सांगा. ती महोगनी. फळ झाडावर मुठीएवढं, उभं असतं. वाळलं की बाहेरच्या पाच फाका सुटून पडतात, त्याच तुमच्या होड्या. मधला पाच कोनी दांडा राहतो. त्यावरच्या खुणा आहेत ना, तिथे तिथे एकेक बी चिकटलेलं होतं. मोजले तर किती बिया उडून गेल्या ते कळेल.

बी मिळालं नसेल तर परत त्याच झाडाखाली जा, मार्चपर्यंत पडत राहतं. एका टोकाला जड आणि पुढे बोटभर लांब पातळ पंख. बाबांना उभं राहून, हात वर करून सोडायला सांगा. फिरत फिरत येतं, सरळ पडत नाही. घरात पंखा बंद ठेवा, म्हणजे आवाज ऐकू येईल.